कावळा शिवला

फत्तेसिंगने दारात दोनदा हॉर्न वाजवला तेव्हा अंकिता न्हाणीघरात दाराला पाठ टेकून उभी होती आणि तिला कावळा शिवलेला होता. तारखेच्या चांगले आठ दिवस आधी. एरवी कधी तारीख न चुकवणारं शरीर, आणि त्याला नेमका आजचा मुहूर्त सापडला, सासूच्या दहाव्याची सकाळ. तिला आधी संताप आला, मग हसू आलं, आणि हसू आलं म्हणून ओशाळल्यासारखं झालं. बाहेर तिचा नवरा धीरज कोणाला तरी पळी-पंचपात्र घेतलं का म्हणून विचारत होता. "अंकिता, जल्दी कर ना. काका गाडीत जाऊन बसले पण." तिने बाहेर जाऊन तीनच शब्द म्हणायचे होते, मी येत नाही. कारण सांगायची गरज नव्हती. या घरात बाईने हे तीन शब्द खालच्या आवाजात म्हटले की पुरुषमाणसं छताकडे बघायला लागत आणि कोणीतरी जाऊन मागच्या पडवीत घोंगडी टाकून येई. सतरा वर्षांत तिने ते शब्द दर महिन्याला म्हटले होते. लग्नात म्हटले होते, सणात म्हटले होते, एकदा तर बसलेल्या पानावरून उठून म्हटले होते. आज ते तोंडातून निघेनात. असं तिने काही ठरवलं होतं म्हणणं खोटं होईल. तिने पाण्याचे चार हबके तोंडावर मारले, कपाटातून जे घ्यायचं ते घेतलं, साडीच्या निऱ्या पुन्हा नीट खोचल्या आणि बाहेर येऊन म्हणाली, "चला." पोट दुखत होतंच.

गाडीत पुढे फत्तेसिंगशेजारी विश्वासराव बसले होते, धीरजचे धाकटे काका, घरातला आता सगळ्यांत मोठा पुरुष. मधल्या बाकावर धीरज आणि यमुनामावशी, म्हणजे गेलेल्या जानकीबाईंची सख्खी बहीण, जी देवासहून तिसऱ्या दिवशी आली ती राहिलीच होती. मागच्या बाकावर अंकिता आणि तिची तेरा वर्षांची मुलगी किमया. किमयाने स्वेटरच्या खिशांत दोन्ही हात घातले होते आणि ती खिडकीला अगदी चिकटून बसली होती, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. धार मागे पडलं. रस्ता गव्हाच्या शेतांतून जात होता आणि जानेवारीचं धुकं अजून जमिनीला लागून होतं. अंकिताने सहज म्हणून किमयाच्या गुडघ्यावर हात ठेवला. किमयाने पाय हळूच बाजूला घेतला. उद्धटपणे नव्हे. कोणाच्या तरी काचेच्या वस्तूपासून आपण अंग चोरून घ्यावं तसा.

अंकिताच्या माहेरी कावळाबिवळा काही नव्हता. तिचे वडील भुसावळहून देवासला आले ते कारखान्याच्या नोकरीसाठी, आणि क्वार्टर मिळालं दोन खोल्यांचं, त्यात माणसं सहा. वेगळं बसायचं म्हटलं तर बाईने बसावं कुठे, मोरीत? सुरुवातीला तिची आई म्हणे दाराच्या बाहेर जिन्यात बसायची, पण वरच्या मजल्यावरचा सरदारजी येता-जाता "भाभीजी, तबीयत ठीक है?" असं रोज विचारू लागला, तेव्हा तिने तो नाद सोडला. एका सरदारजीच्या चौकशीने घरातला धर्म बुडाला असं आई हसत हसत सांगायची. सासर मात्र जुनं. पणजोबा पवारांच्या शिलेखान्यात होते, आणि तिथली हत्यारं गेली, संस्थान गेलं, शिलेखान्याची किल्ली जिला टांगायची ती खुंटी मात्र अजून माजघरात होती. या घरात सासूला आत्याबाई म्हणायचं, सासऱ्याला मामंजी, आणि नणंदेला वन्सं. भाषा अशी की अंकिताला पहिलं वर्षभर आपण कोणाच्या तरी पत्रव्यवहारात राहायला आल्यासारखं वाटायचं. लग्नानंतर पहिल्या महिन्यात तिने चुलीपाशी जाऊन, म्हणजे गॅसपाशीच, चहाचं आधण ठेवलं आणि जानकीबाईंनी दारातून विचारलं, "तुम्हाला कावळा शिवला नाही ना अजून?" अंकिताने वर पंख्याकडे पाहिलं. तिला खरंच वाटलं, घरात कावळा शिरला असावा.

मग तिला ते समजलं, आणि ती बसली. यात तिचा कणा मोडला वगैरे काही नाही, तिनेच पुढे कितीदा स्वतःला सांगितलं होतं, तीन दिवस घोंगडीवर लोळायला मिळतं, वाईट काय? गंमत अशी की ती घोंगडीवरून उठून कामावर जायची. बसस्टँडजवळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती टेक्निशियन होती. दिवसभर अख्ख्या धारचं रक्त तिच्या हातांतून जायचं, म्हाताऱ्याचं, बाळंतिणीचं, गंधवानीहून बसने आलेल्या पांढऱ्याफटक पोरींचं. ती सुई टोचायची, नळी हलवायची, नाव चिकटवायची. त्यात कोणाचं शुद्ध आणि कोणाचं विटाळाचं हे तिला यंत्राने कधी सांगितलं नाही. संध्याकाळी घरी आली की मागच्या दाराने पडवीत. जानकीबाई वरून ताटात वाढायच्या, हात लागू न देता, आणि तूप मात्र नेहमीपेक्षा जास्त. एकदा वाढता वाढता त्या म्हणाल्या होत्या, "मला सतरा माणसांच्या खटल्यात दिलं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. महिन्यातले हे तीन दिवस नसते तर मी पाठ टेकली नसती गं कधी. कोणी हात लावत नाही म्हणून बाई जगते." हे अंकिता विसरली नव्हती. कोणी जानकीबाईंना दुष्ट म्हटलं असतं तर तिने त्याला वाजवून दिलं असतं. पण तिला हेही कळत होतं की या बाईला विसावा हवा होता, आणि तो मागायची सोय नसल्यामुळे तिला तो विटाळ म्हणून घ्यावा लागला. विसावा हवा तर विसावा म्हणून द्या ना. त्यासाठी पोरीला कावळ्याच्या स्वाधीन कशाला करायचं?

किमयाचं सुरू झालं ते गेल्या नवरात्रात, पाचव्या माळेला. जानकीबाई फोनवर यमुनामावशीला आनंदाने सांगत होत्या, "आमच्या किमयेला कावळा शिवला हो." किमया तिथेच सोफ्यावर. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, मराठी फक्त आजीपुरती, तीही कानाने शिकलेली. ती म्हणाली, "आजी, कौवे ने क्या सिला?" जानकीबाई फोन छातीशी धरून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "सिला नाही गं बाई, शिवला. शिवला म्हणजे…" आणि मग त्यांनी आपला हात हवेत पुढे केला, नातीच्या गालाजवळ नेला आणि न टेकवताच मागे घेतला. म्हणजे शिवणं कशाला म्हणतात ते त्यांनी न शिवता दाखवलं. अंकिता स्वयंपाकघराच्या दारातून ते बघत होती. तो हात मागे गेला तिथेच तिच्या आत काहीतरी ताठ उभं राहिलं. संध्याकाळी जानकीबाईंनी पडवीत घोंगडी टाकली, तिच्याशेजारी किमयासाठी नवा पेला ठेवला, त्यावर हौसेने तिचं नावही घालून आणलेलं. अंकिताने तो पेला उचलून आत मांडणीवर ठेवला. "आत्याबाई, मी बसत आले, बसेन. किमया बसणार नाही." सतरा वर्षांत तिने सासूला दिलेलं हे पहिलं 'नाही' होतं. जानकीबाई भांडल्या नाहीत. "नको बसू दे," त्या म्हणाल्या, "मग मी बसते." आणि खरंच जाऊन घोंगडीवर बसल्या. पोर घरभर फिरते तर आपण तिच्या वाटेतून बाजूला व्हायचं, तीन दिवस, बहात्तराव्या वर्षी, एक माळ आणि एक जपाची वही घेऊन. अंकिता वरून वाढायला गेली तेव्हा दोघींनाही हसू आवरेना, पण कोणीच हसलं नाही. हट्टाला हट्ट भेटला होता, आणि खरं सांगायचं तर अंकिताला त्या बाईचा त्या क्षणी अभिमानच वाटला.

ऑक्टोबर तसा गेला, नोव्हेंबर तसाच. डिसेंबरमध्ये, मार्गशीर्षातल्या एका गारठ्याच्या संध्याकाळी, किमया शाळेतून आली ती चित्रकलेत पहिली येऊन. दप्तर टाकून थेट पडवीत पळाली आणि आजीच्या गळ्यात पडली. जानकीबाईंनी तिला दूर लोटलं नाही. उलट पाठीवर हात फिरवला, चित्र पाहिलं, त्यातल्या मोराला शेपूट जास्त झालंय म्हणाल्या. मग ती आत गेल्यावर उठल्या, आणि परसातल्या नळाखाली, गिझर असताना, गार पाण्याने डोक्यावरून न्हाल्या. चौथ्या दिवशी ताप. मग न्यूमोनिया, मग आयसीयू, मग जानेवारीच्या दहा तारखेला संपलं. धारमधल्या आळीत गोष्ट पसरायला एवढं पुरे होतं. पोरीने शिवलं, म्हातारी न्हाली, म्हातारी गेली. दोन वर्षं जानकीबाईंचं क्रिएटिनिन महिन्याला वर चढत होतं, हृदय अर्ध्यावर आलं होतं, ते रिपोर्ट अंकिताने स्वतःच्या हाताने काढले होते. पण रिपोर्टची गोष्ट होत नाही. तिसऱ्या दिवशी यमुनामावशीचं फोनवरचं बोलणं किमयाने ऐकलं. त्या संध्याकाळी ती अंकिताजवळ आली. "मम्मी, आजी मेरी वजह से गई?" अंकिताने तिला रिपोर्टची फाईल काढून दाखवली, आकडे समजावून सांगितले, एकेका पानावर बोट ठेवून. किमया समजूतदारपणे मान हलवत राहिली. आणि तेव्हापासून तिचे हात खिशात होते. जेवताना बाहेर यायचे, परत आत जायचे. ती कोणालाच हात लावत नव्हती. शेजारच्यांच्या तान्ह्या बाळालाही नाही, ज्याला घेण्यासाठी एरवी भांडायची.

घाट उतरून, धामनोद ओलांडून ते खलघाटला पोचले तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. नर्मदा नेहमीसारखी रुंद आणि आपल्याच कामात. वर पुलावरून ट्रक चालले होते. गुरुजी आधीच येऊन बसले होते, त्यांना दुपारी आणखी एक दहावा होता. धीरजचं मुंडण झालं. उघड्या डोक्याने, ओल्या धोतरात तो एकदम शाळकरी दिसायला लागला आणि अंकिताला त्याची मनापासून कीव आली. त्याची आई गेली होती, हे गेल्या दहा दिवसांच्या पाहुण्यारावळ्यात सगळे विसरूनच गेले होते. दहा दिवस सुतक म्हणून घरात कोणी देवाला शिवलं नव्हतं, धीरज घोंगडीवर निजला होता, त्याचं ताट वेगळं, पेला वेगळा. दुसऱ्याच दिवशी तो कुरकुरला होता, "यार, अस्पृश्यासारखं वाटून राहिलंय." आता वाळूत बसून तो भाताचे पिंड करत होता, काळे तीळ, दर्भ, पाणी, आणि अंकिता चार पायऱ्या वर उभी होती, पोटात कळ येत होती, मांड्यांत जडपणा उतरत होता. सगळ्यांच्या मधोमध आपण विटाळशी उभ्या आहोत आणि नदी थांबली नाही, गुरुजींचा मंत्र अडखळला नाही, हे ती एखाद्या चोराच्या उत्सुकतेने बघत होती. भीती होतीच. सतरा वर्षांची सवय अंगात भिनते. पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं, टणक, जवळजवळ आनंदाचं.

मुख्य पिंड केळीच्या पानावर मांडला गेला. सगळे मागे सरले. आता कावळ्याने यायचं, पिंडाला चोच लावायची, म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली नाही, जीव सुटला. कावळे होते, दोन. ते वर चहाच्या टपरीच्या पत्र्यावर बसून कोणीतरी टाकलेल्या कागदातली शेव खात होते. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. विश्वासराव "काव काव" करून ओरडले, त्यांच्या मिशांना ते शोभलं नाही. फत्तेसिंग म्हणाला, "कागला भी अब माळवी हुई ग्या, काकासाब. सेव छोड़ी ने भात कुण खाय." गुरुजींनी नेहमीच्या सराईत आवाजात सांगितलं, कोणाला काही बोलायचं असेल तर बोला, त्यांच्या मनात काही राहिलं असेल. विश्वासराव पुढे झाले, हात जोडले. "वहिनीसाहेब, नवरात्रातला नंदादीप विझणार नाही, माझा शब्द." पत्र्यावरचे कावळे हलले नाहीत. मग धीरज. तो सगळं हिंदीत शिकलेला. "आई, तू काळजी करू नको. मी किमयाला चांगली शिक्षा देईन." विश्वासराव हळूच म्हणाले, "शिक्षण, धीरज. शिक्षण म्हणावं." "हां, तेच." अंकिताला वाटलं, चुकलं कुठे त्याचं? आज इथे तेच तर द्यायला जमलेत सगळे. तिने मान वळवून पाहिलं. किमया वरच्या पायरीवर उभी होती, हात खिशात, डोळे कावळ्यांवर. ती पुटपुटत होती. ती कावळ्यांना बोलावत होती, नाहीतर माफी मागत होती.

"उगीच इकडचं तिकडचं काय बोलताय," यमुनामावशी शेवटी म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले, आणि ते अश्रू खरे होते. "तिचा जीव कशात अडकलाय ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्याजवळ रडली आहे ती फोनवर. या घराची पोर बाजूला बसत नाही, म्हणून म्हातारपणी स्वतः घोंगडीवर बसली माझी ताई." सगळ्यांचे डोळे अंकिताकडे वळले. गुरुजींचेसुद्धा, आधी एकदा घड्याळाकडे जाऊन. विश्वासराव समजावणीच्या सुरात म्हणाले, "सूनबाई, भांडण नाही, काही नाही. एक वाक्य बोला. किमया घरची रीत पाळेल. बस. मोठ्या माणसाचा आत्मा सुटतो आहे, आपल्याला काय जातं?" आपल्याला काय जातं. अंकिताच्या डोळ्यांसमोर तो मांडणीवरचा पेला आला. धीरज जवळ आला, त्याच्या अंगाला नदीचा आणि तिळांचा वास येत होता. "बोल दे ना," तो कानाशी म्हणाला. "नंतर कोण बघायला येणार आहे? घरी जाऊन तुझ्या मनासारखं कर. मी काही म्हणणार नाही." आणि तो खरंच काही म्हणाला नसता. तो कधीच काही म्हणत नव्हता. तेवढ्यासाठीच तिने त्याच्यावर प्रेम केलं होतं आणि तेवढ्यासाठीच आता तिला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

"किमया ऐकतेय," ती म्हणाली.

"तो क्या?"

"तर तिला वाटेल की खरं आहे. मी हे वाक्य बोलले आणि चुकून तो कावळा खाली आला, तर ती जन्मभर हेच धरून बसेल. माझा हात लागला म्हणून आजी मेली, आणि मी हात लावायचं सोडलं म्हणून आजी सुटली."

"अगं बच्ची आहे, विसरेल." धीरज अगदी सहज म्हणाला. अंकिताला विचारावंसं वाटलं, तुझ्या आईने पंधराव्या वर्षापासूनचं काय काय विसरलं होतं रे? पण तिला स्वतःचाही तळ सापडत नव्हता. एक मन म्हणत होतं, बोलून टाक, ती बाई तुझ्या ताटात जास्तीचं तूप वाढायची, तिचं शेवटचं काही राहिलं असेल तर? आणि त्या मनाला ती खोटं पाडू शकत नव्हती, कारण तिला जानकीबाई हव्या होत्या. या घोळक्यातलं तिच्याशी नीट भांडणारं एकच माणूस होतं आणि ते आज पानावर भाताचा गोळा होऊन बसलं होतं. तेवढ्यात तिला आयसीयूतली ती सकाळ आठवली, म्हणजे आठवायची गरज नव्हती, ती तिथेच होती, सकाळपासून तिच्या हातांत. डिसेंबरची एकोणतीस तारीख. हॉस्पिटलच्या पोराला जानकीबाईंची शीर सापडत नव्हती, तीन ठिकाणी टोचून झालेलं, म्हणून त्यांनी अंकिताला आत घेतलं. अंकिताचा तो दुसरा दिवस होता. जानकीबाईंना ते ठाऊक होतं. घरातल्या बायकांच्या तारखा त्यांना तिथीसारख्या पाठ असत. अंकिता हात धुऊन पलंगापाशी उभी राहिली आणि थांबली. पुढे होईना. जानकीबाईंनी मास्कमधून तिच्याकडे पाहिलं, मग सावकाश आपला हात चादरीबाहेर काढला, तळवा वर करून पुढे केला. "घे," म्हणाल्या. "दवाखान्याला सोवळं नसतं." शीर पहिल्या टोचण्यात मिळाली. सुई काढून कापूस दाबला तरी त्यांनी हात मागे घेतला नाही. अंकिताचा अंगठा धरून राहिल्या, बराच वेळ, नर्सने हाकलेपर्यंत. घरी परतल्यावर त्यांनी काय केलं असतं कोण जाणे. नळाखाली जाऊन न्हाल्या असत्या, कदाचित. पण तो हात त्यांनी पुढे केला होता, तारीख मोजून, पूर्ण शुद्धीत, आणि ते कोणाला माहीत नव्हतं.

"बोल ना गं बाई," यमुनामावशी कळवळून म्हणाली. "किती तरंगत ठेवशील तिला?" गुरुजी कंटाळले होते. त्यांनी पिशवीतून दर्भाच्या काड्या काढल्या आणि त्यांची गाठ मारायला घेतली. "शास्त्रात सोय आहे. कावळा नाही आला तर दर्भाचा करून शिववायचा. चालतं."

"चालतं?" अंकिताने विचारलं. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "गवताचा चालतो?"

"चालतो म्हणजे, संकल्प महत्त्वाचा."

अंकिता पायऱ्या उतरली. शेवटच्या पायरीवर तिने चपला काढल्या, वाळू गार होती. विश्वासराव म्हणाले, "सूनबाई, बायका तिथे जात नाहीत," आणि ती गेली. पिंडासमोर उकिडवी बसली, पडवीत कपडे धुताना बसायची तशीच, आणि मागे वळून बोलली, कारण तिला समोरच्या भाताशी नव्हे, वरच्या पायरीशी बोलायचं होतं.

"किमया, नीट ऐक. आजी तुझ्या हाताने गेली नाही. तिची किडनी गेली होती, तिचं हृदय थकलं होतं, दोन वर्षं मी बघत होते. तू गळ्यात पडलीस तेव्हा तिने तुला लोटलं नाही. आणि आयसीयूत मला शिवलेला होता, तिला माहीत होतं, तरी तिने स्वतः हात काढून माझ्या हातात दिला. भांडण आमचं होतं. ती असती तर मी अजून भांडले असते, तीही भांडली असती. पण तिच्या नावाने मी खोटं बोलणार नाही. तू कुठेही बाजूला बसणार नाहीस."

"अहो, पण कावळा…" यमुनामावशीने सुरुवात केली.

"कावळा शिवला, मावशी," अंकिता म्हणाली. "सकाळीच. मला." आणि तिने उजवा हात सरळ त्या पिंडावर ठेवला. भात अजून कोमट होता, आतून मऊ, काळे तीळ तळव्याला टोचले. तिने तो हात तिथे तसाच राहू दिला, जेवढा वेळ तिचा अंगठा त्या दिवशी धरून ठेवला गेला होता तेवढा वेळ, निदान तिला तरी तेवढा वाटला. तिला रडू फुटलं, मोठ्याने, दहा दिवसांत पहिल्यांदा. "आत्याबाई," ती म्हणाली.

मागे एकदम गलका झाला. यमुनामावशी "अरे देवा, अरे देवा" करत खाली बसली. धीरज तेवढा तिच्याकडे आणि पिंडाकडे आळीपाळीने बघत होता, आणि त्याच्या मुंडण केलेल्या डोक्यावरून पाणी ओघळत होतं. गुरुजींनी हातातल्या अर्धवट कावळ्याकडे पाहिलं. मग सूर्याकडे पाहिलं. मग त्यांनी तो दर्भ नर्मदेत टाकला आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "उरकलं. स्नानं करून घ्या सगळ्यांनी."

अंकिता उठली. तिच्या तळव्याला भाताची शितं आणि तीळ चिकटले होते, ते तिने धुतले नाहीत. ती पायऱ्या चढू लागली तसे सगळे दोन्ही बाजूंना सरकले, तिला वाट देत की तिच्यापासून अंग वाचवत, हे विचारायची तिला गरज वाटली नाही. वरच्या पायरीवर किमया उभी होती. अंकिता तिच्यासमोर थांबली आणि तिने हात पुढे केला, तळवा वर करून. "शिवू नकोस तिला, पोरी, आधी न्हाऊ दे," खालून विश्वासराव ओरडले. किमयाने त्यांच्याकडे पाहिलं, मग आईच्या हाताकडे. स्वेटरच्या खिशात काहीतरी हललं. उजवा हात बाहेर आला, मुठीत आवळलेला, मग उघडला. तिने आईचा भाताने चिकट झालेला हात पकडला, आणि दुसरा हात काढून वरून दाबून धरला.

"शिवला?" तिने विचारलं. अगदी स्वच्छ मराठीत.

"शिवला," अंकिता म्हणाली.

मग त्या दोघी फत्तेसिंगच्या गाडीकडे चालायला लागल्या, न न्हाता.